तांबडदाढे, करडदाढे आणि राजघण

आईबाबांच्या नव्या घरात सामान लावताना आईच्या जुन्या साड्यांच्या खोक्यात राजघण सापडला. म्हणजे नुसतं त्याचं डोकं. ॲल्युमिनियमचं, विटेएवढं, दोन्ही अंगांना वेलबुट्टी आणि मधोमध दांड्यासाठी चौकोनी भोक. विटक्या वायल साडीत गुंडाळून ठेवलेलं होतं. मी ते उचललं आणि हसूच आलं. इतकं हलकं? लहानपणी माझी मनगटं भरून यायची त्याने.

"ह्यो अजून आसा?" बाबा खुर्चीतून म्हणाले. "मी म्हटलं, भंगारात गेलो."

"तुम्ही दोनदा घातला होतात भंगारात. मी दोनदा परत काढला," आई कपाटात तोंड घालून म्हणाली.

खाली ठेवल्यावर पाहिलं तर तळव्यांना करडा रंग लागला होता. तो रंग माझ्या ओळखीचा. बाबांच्या हातांच्या रेघांमध्ये तो कायमचा बसलेला असायचा. साकीनाक्याच्या एका ओतकामाच्या कारखान्यात ते साच्यात धातू ओतायचे, आणि संध्याकाळी घरी आले की त्यांच्याआधी जळक्या वाळूचा वास आत यायचा. तो वास आला की आई चहाचं आधण ठेवायची आणि मी खिडकीचा पडदा ओढायची. पडदा का, तर समोरच्या बिल्डिंगीत, आमच्याच मजल्यावर, आमच्या खिडकीच्या बरोब्बर समोर भाईकाकांची खिडकी होती.

भाईकाका म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ. दोघं गावाहून एकाच ट्रंकेवर बसून मुंबईला आले. एकाच खोलीत राहिले, घाटकोपरच्या आमच्या कॉलनीत समोरासमोर घरं घेतली, आणि मग कधीतरी त्यांचं बोलणं बंद झालं. का झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं की आई भांड्यांचा आवाज मोठा करायची. मला समज आली तेव्हा भांडण आधीपासूनच घरात होतं, भिंतीसारखं. भिंत का बांधली हे कुणी विचारत नाही, तिला टेकून बसतात.

भाईकाका फर्निचरचं काम करायचे. त्यांच्या घरावरून गेलं की फेव्हिकॉल आणि सागाच्या भुश्शाचा गोड वास यायचा. मला तो वास फार आवडायचा, आणि तो आवडतो याचा मला रागही यायचा. त्यांचा मुलगा संजू माझ्याच वर्गात. त्याने माझं कंपास मोडलं होतं, मी त्याची चप्पल पाण्याच्या टाकीवर भिरकावली होती. आम्ही एकमेकांकडे बघून थुंकायचो, अगदी नियमाने, शाळेत जाताना आणि येताना.

आई आणि काकीचं मात्र वेगळं होतं. मासळी बाजारात त्या एकाच कोळणीसमोर पाठीला पाठ लावून उभ्या राहायच्या. काकी बांगड्याचे कल्ले उघडून बघता बघता बांगड्यालाच सांगितल्यासारखं म्हणायची, "गावचं घर गळतंय यंदा." आई कोळंबीला सांगायची, "ह्यांच्या बहिणीला मुलगा झाला." मग दोघी दोन वाटांनी घरी. बाबा विचारायचे, "कोण भेटला बाजारात?" आई म्हणायची, "मासे."

अशा कॉलनीत मीनाताईने नाटक करायचं ठरवलं.

मीनाताई तिसऱ्या बिल्डिंगीत तळमजल्यावर राहायची. बँकेत नोकरी करायची आणि बँकेच्या एकांकिकांमध्ये कामं करायची. तिचा आवाज चढला की कॉलनीतली कुत्री उठून बसायची. दर सव्वीस जानेवारीला कॉलनीत सत्यनारायणाची पूजा व्हायची आणि संध्याकाळी मुलांचे कार्यक्रम. तोवर कार्यक्रम म्हणजे नाच आणि फॅन्सी ड्रेस. त्या वर्षी मीनाताई आम्हाला सगळ्यांना गच्चीवर घेऊन गेली आणि कॉलनीमागच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणाली, "त्याच्या पोटात कोण राहतं माहितीये?"

डोंगरावर घरं चढत चढत पार माथ्यापर्यंत गेली होती. दिवेलागणीची वेळ होती, एकेक पिवळा दिवा लागत होता.

"माणसं," संजू म्हणाला.

"वर माणसं. पोटात बुटके," मीनाताई म्हणाली.

आणि तिने गोष्ट सांगितली. डोंगराच्या पोटात बुटक्यांची दोन कुळं. तांबडदाढे भट्टीवाले, धातू वितळवणारे. करडदाढे दगड आणि लाकूड राखणारे. दोघांचा एकच राजा, वज्रमूठ. त्याच्याकडे राजघण. तो डोंगराच्या काळजावर आपटला की खाणीचं दार उघडायचं आणि आत उजेड पडायचा. राजा गेला. घण कुणाचा यावरून कुळं भांडली, इतकी, की घणाचे दोन तुकडे झाले. डोकं तांबड्यांनी नेलं, दांडा करड्यांनी. तेव्हापासून खाणीचं दार बंद आणि दोन्ही कुळं अंधारात. शेवटी डोकं आणि दांडा एकत्र येतात, दोन्ही कुळांचे मुखिये मिळून घण उचलतात आणि दार उघडतं.

ऐकता ऐकता आम्ही आडवे झालो होतो. सिमेंटची गच्ची पाठीखाली गार लागत होती. कुणाच्या तरी घरी लसणाची फोडणी पडली होती. मला त्या डोंगराच्या पोटात हातोड्यांचे बारीक आवाज खरोखर ऐकू येत होते.

मग मीनाताईने कामं वाटली. पहिल्या बिल्डिंगीची मुलं तांबडदाढे, मुखिया मी. दुसऱ्या बिल्डिंगीची करडदाढे, मुखिया संजू. आणि घणाचं डोकं बाबांनी करायचं, दांडा भाईकाकांनी. ती हे मुद्दाम करत होती. आम्हा मुलांनासुद्धा कळलं.

"मीनाताई, ते दोघं बोलत नाहीत," मी म्हटलं.

"बोलू देत की न बोलू देत. घण तर करतील?"

बाबांनी केला. रविवारी मला साकीनाक्याला घेऊन गेले. कारखान्यात काळी वाळू होती, ओली, दाबली की बोटांचे ठसे जसेच्या तसे धरणारी. बाबांनी वेलबुट्टी स्वतः कोरली, तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत. मग वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात गेलं, दुधासारखं, आवाज न करता. मी पुढे वाकले तर त्यांनी माझी वेणी धरून मागे ओढलं. "राजाचो घण असो असता," ते म्हणाले. बाबांना एवढं खूश मी क्वचितच पाहिलं होतं.

भाईकाकांनीही दांडा केला. सागाचा, पॉलिश मारलेला, मुठीपाशी बोटांसाठी खाचा असलेला. संजू तो पोरांना पुन्हा पुन्हा दाखवायचा आणि हात लावू द्यायचा नाही. दांडा उत्तम होता. पण गोल होता, आणि डोक्याचं भोक चौकोनी.

मीनाताईने मला बाबांकडे पाठवलं. बाबा म्हणाले, "सांग त्या सुताराक, दांडो तासून चौकोनी कर."

मी ते संजूला सांगितलं, संजूने त्याच्या बाबांना, आणि उत्तर आलं, "सांग तुझ्या बापाशीक, दांडो गोलच असता. भोक गोल कर."

आठवडाभर मी आणि संजू दोन बिल्डिंगींमध्ये ये-जा करत होतो, निरोप घेऊन. जाताना निरोप एका शब्दाचा असायचा, पोचेपर्यंत त्याला आम्ही शिव्या जोडायचो. मी जोडायची, तोही जोडायचा. दोघंही भाऊ आपापल्या खिडकीत उभे राहायचे, खाली अंगणात उभ्या असलेल्या आम्हा दोघांकडे बघत, आणि एकमेकांकडे अजिबात न बघता. शेवटी मीनाताईने भोकात जुन्या बनियनच्या चिंध्या कोंबल्या आणि दांडा ठोकून बसवला. "झाली एकी," ती स्वतःशीच म्हणाली.

तालमी गच्चीवर व्हायच्या. आम्ही बुटके, म्हणून गुडघ्यांवर चालायचं, गुडघ्यांना वडिलांचे जुने बूट बांधून. दाढ्या काथ्याच्या. आमच्या गेरूत बुडवलेल्या, त्यांच्या राखेत घोळलेल्या. काथ्या ओला असताना त्याला गोणपाटासारखा वास यायचा आणि वाळला की हनुवटी सोलून निघायची. घरी गेल्यावर आई गुडघ्यांना खोबरेल तेल लावायची. पण मला ते सगळं हवंहवंसं वाटायचं. दुपारी शाळेत बाई नकाशा शिकवायच्या आणि मी वहीच्या मागे दाढ्या काढायची.

एकी मात्र होईना. उलट नाटकामुळे आमच्या भांडणांना नावं मिळाली. आधी पोरं मिळून क्रिकेट तरी खेळायची. आता तांबडे वेगळे, करडे वेगळे. मधल्या बदामाच्या झाडाखाली खडूने रेघ मारली गेली. आम्ही त्यांच्या गुडघ्यांच्या बुटांत चिखल भरला. त्यांनी आमच्या दाढ्यांना खाजकुयली चोळली, आणि आमचा एक छोटा बुटका रडत रडत दवाखान्यात गेला. बिल्डिंगीच्या बायका खिडक्यांतून ओरडल्या. मग पुरुष खाली उतरले. कुणीतरी कुणाच्या स्कूटरची हवा काढली.

"अरे, बुटके आहात तुम्ही! बिल्डिंगा नाही!" मीनाताई ओरडली. तिचा आवाज बसला होता. "शेवटच्या प्रवेशात दोघांनी एकत्र घण उचलायचाय. एकदा तरी नीट करा. फक्त एकदा."

शेवटच्या प्रवेशाची तालीम एकदाही पुरी झाली नाही. घणाला दोघांचा हात लागला की मी किंवा संजू, कुणीतरी चिमटा काढायचं.

पूजेच्या दिवशी सकाळपासून शिऱ्याचा वास. साजूक तूप, पिकलं केळं, कापूर. मंडपाच्या कापडातून लाल उजेड गाळून यायचा आणि सगळ्यांचे चेहरे तापल्यासारखे दिसायचे. संध्याकाळी खुर्च्या लागल्या तेव्हा कुणी न सांगता पहिली बिल्डिंग डावीकडे बसली, दुसरी उजवीकडे. मधल्या वाटेवरून फक्त कुत्री फिरत होती. बाबा पुढच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. भाईकाकाही पुढच्या रांगेत, पलीकडे. दोघांच्या मांडीवर शिऱ्याचे द्रोण. विंगेतून मला दोघांची नाकं एकसारखी दिसली. तोवर कधी लक्षात आलं नव्हतं.

नाटक चांगलं चाललं होतं. लोक हसत होते, टाळ्या वाजत होत्या. शेवटचा प्रवेश आला. थर्माकोलचा डोंगर, समोर त्याचं काळीज म्हणून ठेवलेला लाल रंगवलेला पाटा. मी एका बाजूने गुडघ्यांवर चालत आले, संजू दुसऱ्या. दोघांनी दांडा धरला. पडद्यामागे मीनाताई पितळी ताट आणि लाटणं घेऊन उभी होती, घण पडला की वाजवायला.

"घण एक," मी म्हटलं.

"डोंगर एक," तो म्हणाला.

आता दोघांनी मिळून म्हणायचं होतं. त्याऐवजी संजू माझ्या कानाशी वाकला. काथ्याची दाढी गालाला टोचली. "तुझा बाप चोर आहे," तो पुटपुटला.

कशाचा चोर, काय चोरलं, मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. त्यालाही माहीत नसणार. मी घण स्वतःकडे ओढला. त्याने त्याच्याकडे. लोकांना वाटलं नाटकातच आहे, टाळ्या पडल्या. मी पुन्हा ओढला. संजू उठून उभा राहिला, मग मीही. इतका वेळ गुडघ्यांवर असलेले बुटके एकदम उंच झाले आणि छोटी पोरं खिदळली. माझी दाढी कपाळावर सरकली होती. डोळ्यांत गेरू. काही दिसत नव्हतं, फक्त दांड्यावरच्या खाचा बोटांना लागत होत्या.

तेवढ्यात डावीकडून आवाज आला. "सोडू नको गो!" बाबा उभे होते.

आणि उजवीकडून, त्याच क्षणी, त्याच सुरात, "सोडू नको रे!"

आम्ही सोडला नाही. चिंध्याच सुटल्या. डोकं माझ्याकडे आलं आणि मी ते छातीशी धरून थर्माकोलच्या डोंगरात पाठीवर पडले. संजू दांडा घेऊन उलटा स्टेजवरून खाली गेला, हातावर पडला. एक बारीक आवाज झाला, वाळकी काटकी मोडावी तसा.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. काकीची किंकाळी. कोसळणाऱ्या खुर्च्या. बाबांच्या शर्टाचा फाटलेला खिसा, भाईकाकांच्या मुठीत. "तुझ्या पोरीन माझो पोरगो मारल्यान!" "तुझ्या पोरान काय म्हटल्यान ता इचार आधी!" कुणाच्या तरी पायाखाली चिकटलेला शिरा. डावी बाजू उजवीवर गेली, उजवी डावीवर. आणि त्या सगळ्याच्या मध्ये पडद्यामागून ताटाचा आवाज आला. मीनाताईने ताट वाजवलं होतं. वेळ झाली होती म्हणून, की ती काही वेगळंच सांगत होती, कोण जाणे. एकदा, दोनदा, मग वाजवतच राहिली. कुणी वळून पाहिलं नाही.

संजूच्या हाताला प्लॅस्टर लागलं. पुढच्या वर्षीपासून कॉलनीत दोन पूजा व्हायला लागल्या, एकाच दिवशी, दोन भोंगे, दोन कढया शिरा. मीनाताईने पुन्हा नाटक बसवलं नाही. काही वर्षांनी ती लग्न होऊन मुलुंडला गेली. जाताना मला म्हणाली, "ओढाताणीचा प्रवेश छान केलात गं तुम्ही दोघांनी. तालमीशिवाय." ती हसली नाही.

दांडा बराच काळ भाईकाकांच्या गॅलरीत दिसायचा. त्याने काकी वाळत घातलेले कपडे वर सरकवायची. मग काकी गेली. आई त्यांच्याकडे गेली, सगळ्यांदेखत, पहिल्यांदाच दारातून. बाबा गॅलरीत उभे राहिले, काकीला नेईपर्यंत. आत आल्यावर जेवले नाहीत. पण खाली उतरले नाहीत.

माझं लग्न झालं, मी बोरिवलीला आले. संजूचंही झालं. पत्रिका दोन्हीकडून आल्या नाहीत. मग बिल्डिंगी पाडून टॉवर बांधायचं ठरलं. बाबा हो म्हणणाऱ्यांत होते, म्हणून भाईकाका नाही म्हणणाऱ्यांत. दोघांनी सभांमध्ये एकमेकांविरुद्ध गट बांधले, वर्षानुवर्षं. शेवटी दोन्ही बिल्डिंगी पडल्या. बदामाचं झाडही पडलं. त्या जागी एकच उंच टॉवर उभा राहिला, आणि चिठ्ठ्या टाकून घरं वाटली तेव्हा दोघा भावांना एकाच मजल्यावरची घरं आली. दाराला दार.

बाबांनी अर्ज केला, घर बदलून द्या. भाईकाकांनीही केला. दोन्ही अर्ज एकाच कारणासाठी होते, आणि दोन्ही नाकारले गेले.

परवा लिफ्टमध्ये संजू भेटला. केस गेलेत. डाव्या मनगटाला अजून किंचित बाक आहे.

"तुझे बाबा दिवसभर दार उघडं टाकून बसतात यार," तो म्हणाला. कशी आहेस वगैरे काही नाही. "आमच्या दाराकडे बघत. माझ्या बाबांचं बीपी वाढतं."

"तुझे बाबा मुद्दाम खोकतात," मी म्हटलं. "बाबा जेवायला बसले की सुरू."

"ते आजारी आहेत."

"माझे काय तरुण आहेत?"

लिफ्ट थांबली. तो डावीकडे गेला, मी उजवीकडे. दोघांनीही मागे न बघता दारं लावली.

आणि काल सकाळी मी राजघणावरचा करडा थर चिंचेने घासत बसले होते, तर बाबा अस्वस्थ. पेपर उघडला, मिटला. चहा निवला. दोनदा दारापर्यंत जाऊन आले. दार उघडंच होतं. समोरचं बंद.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय."

थोड्या वेळाने म्हणाले, "आज खोकल्याचो आवाज येवक नाय."

आई आतून बाहेर आली आणि दारापाशी उभी राहिली.

"संजू असेल ना घरी," मी म्हटलं.

"तो कामार गेलो. मी बघलंय तेका जाताना." बाबा परत खुर्चीत बसले. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. "बघ गो जरा. मेलो की काय तो."

मी हात पुसत बाहेर आले. त्या दारावर बेल वाजवायची माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. आतून सागाचा वास येतोय असं वाटलं, पण नसेल येत, आता सगळं फर्निचर प्लायचं असतं. मागे आईचा श्वास ऐकू येत होता. मी तळहाताने दार बडवायला लागले.

मग आत चपला फरफटल्या. कडी निघाली. भाईकाका समोर उभे, अर्ध्या गालाला दाढीचा फेस, हातात रेझर. केवढे लहान झाले होते ते.

"काय गो?" ते म्हणाले.

मी आमच्या दाराकडे हात केला. "बाबा विचारतायत..."

"काय इचारता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, उघड्या दारातून आत, खुर्चीत बसलेल्या माणसाकडे. किती वेळ पाहत होते कोण जाणे. गालावरचा फेस ओघळून बनियनवर पडला.

"मेलंय नाय अजून!" ते एकदम ओरडले, माझ्या डोक्यावरून. "वाट बघ!"

"बघतंय!" बाबा आतून ओरडले.